'हो सदांच एकलो कसो?' : गोव्यातल्या मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षकांना खुले पत्र

पेडणे, गोवा

गावोगाव मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या सर्व प्रशिक्षकांस आणि त्यांचे क्लब चालवणाऱ्या मंडळींस,

स. न. वि. वि.

9 डिसेंबर 2017, शनिवार. आमच्या गावातली चौदा पोरं घेऊन मी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर गेलो होतो. पेडण्याहून फातोर्डा म्हणजे गोव्याच्या एका टोकाहून दुसरं टोक. दोन गाड्या, त्यात कोंबलेली पोरं आणि आयांनी बांधून दिलेले डबे. सामना एफसी गोवा आणि केरळ ब्लास्टर्सचा होता. सातव्या मिनिटालाच केरळनं गोल केला, मग लांझारोतेनं गोव्यासाठी दोन मारले, मग जॅकीचंदनं बरोबरी साधली. तो तेव्हा केरळकडे होता. हाफ टाइमला 2-2.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा आमची निम्मी पोरं खाण्याच्या रांगेतून परत येत होती. ती जागेवर बसायच्या आत गोव्याचा स्पॅनिश स्ट्रायकर कोरो यानं एक मारला होता. 48व्या मिनिटाला पहिला, 51व्याला दुसरा, 55व्याला तिसरा. आदल्याच सामन्यात, 30 नोव्हेंबरला, याच मैदानावर त्यानं बंगळुरूला तीन मारले होते आणि गोवा 4-3 जिंकला होता. लागोपाठ दोन हॅट्ट्रिक. स्टेडियम नुसतं पेटलं होतं.

माझ्या शेजारी दहा वर्षांचा एक पोरगा बसला होता. बाकीची पोरं खुर्चीवर चढून नाचत होती आणि हा गुडघ्यावर कोपरं टेकून मैदानाकडे टक लावून बघत होता. जरा वेळानं माझी बाही ओढून त्यानं विचारलं, "सर, हो सदांच एकलो कसो?"

हा नेहमी एकटाच कसा असतो? अकरा जण बचावाला उभे, त्यातले चार तर याच्यावरच डोळा ठेवून, आणि तरी बॉल येतो तेव्हा याच्या आसपास चिटपाखरू नसतं. कसं?

मी म्हणालो, "पोझिशनिंग, बाबा." आणि टाळ्या वाजवायला लागलो.

तो प्रश्न आठ वर्षं माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. मी दिलेलं उत्तर हे उत्तरच नव्हतं. नुसता एक शब्द पुढे करून मी त्या मुलाला गप्प केलं. आज हे पत्र लिहितोय ते अशासाठी की माझ्या समजुतीप्रमाणे आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केलं आहे. तीन हंगाम एक अव्वल दर्जाचा स्ट्रायकर आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच गवतावर खेळला. आपण त्याचे गोल मोजले, त्याच्या नावानं घोषणा दिल्या, त्याचे शर्ट विकत घेतले. त्याच्याकडून शिकलो मात्र काहीच नाही.

कोरोचं पूर्ण नाव फेरान कोरोमिनास. कातालोनियातल्या जिरोना शहराजवळच्या विलोबी द'ओन्यार या लहानशा गावचा. जिरोनाचा विमानतळ याच गावाच्या हद्दीत आहे, जसा आता आमच्या पेडण्यात मोपाचा आहे. जन्म जानेवारी 1983 चा. म्हणजे 2017 साली तो गोव्यात उतरला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. तेव्हाची कुजबुज आठवते ना? म्हातारा झाला, पेन्शन घ्यायला आलाय, युरोपात कोणी विचारत नाही म्हणून इकडे. खरं सांगायचं तर मीही त्यात सामील होतो.

त्याची आधीची कारकीर्द मी नंतर बारकाईनं पाहिली. तुम्हीही पाहा, कारण या पत्राचा सगळा रोख तिथेच आहे. तो एस्पान्योलचा. बार्सिलोना शहरातला दुसरा क्लब, कायम थोरल्या शेजाऱ्याच्या सावलीत राहिलेला. 12 एप्रिल 2006 ला माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर एस्पान्योलनं सारागोसाला 4-1 हरवून कोपा देल रे जिंकला, त्यात एक गोल कोरोचा. आणि गंमत बघा, हाच चषक जिंकलेला संघ महिन्याभरानं पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात होता. 13 मे, हंगामाचा शेवटचा दिवस, मोंजुइकच्या टेकडीवरचं ऑलिम्पिक स्टेडियम, समोर रेआल सोसिएदाद. नव्वद मिनिटं संपली तरी 0-0. जादा वेळेत कोरोनं गोल केला, एस्पान्योल वाचला आणि अलावेस खाली गेला. त्या क्लबच्या माणसांना 'कोरोचा गोल' एवढंच म्हटलं तरी पुरतं. कोणता, कधीचा, हे विचारावं लागत नाही.

पुढच्या वर्षी एर्नेस्तो वाल्वेर्देच्या हाताखाली एस्पान्योल युएफा कपच्या अंतिम सामन्यात गेला. उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्ध कोरोनं गोल केला. ग्लासगोतला अंतिम सामना 2-2 राहिला आणि पेनल्टीवर सेविया जिंकलं. संपूर्ण स्पर्धेत खेळात एकही सामना न हरता एस्पान्योलच्या हातून कप गेला.

एवढं सगळं असूनही कोरो त्या काळात मोठा गोल मारणारा म्हणून ओळखला जात नव्हता, ही यातली महत्त्वाची गोष्ट. त्या संघात गोल करायला तामुदो होता, पान्दियानी होता. कोरो पुष्कळदा उजव्या विंगेवर असायचा, कधी स्ट्रायकरच्या मागे, कधी बाकावरून उतरायचा. पुढे ओसासुना, जिरोना, मग एल्चे. एल्चेबरोबर 2012-13 मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळालं आणि तो क्लब चोवीस वर्षांनी वर चढला. 2015 मध्ये मैदानावर टिकूनही कर्जापायी त्या क्लबला खाली ढकललं गेलं. मग मायोर्का, मग सायप्रसमधला दोक्सा काटोकोपियास. ज्याचं मूळ गाव 1974 नंतर बेटाच्या उत्तर भागात अडकलं आणि जो तेव्हापासून दुसऱ्याच गावात खेळतो असा क्लब. तिथून थेट मडगाव.

म्हणजे काय? तर तो घडत गेलेला स्ट्रायकर आहे. विंगेवर खेळून खेळून, बाकावर बसून, चांगल्या स्ट्रायकरांच्या शेजारी वर्षानुवर्षं धावून, स्टॉपर, म्हणजे समोरचा मधला बचावपटू, कधी चुकतो हे पाहत पाहत तो चौतिसाव्या वर्षी या जागेचा पुरता जाणकार झाला होता. वेग तर तेव्हा कमी झालेलाच असणार. आणि तरी पहिल्या हंगामात 18 गोल, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात 14. इंडियन सुपर लीगच्या 57 सामन्यांत 48. दोनदा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, 2018-19 ला लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. पहिल्या हंगामात त्यानं आणि लांझारोतेनं मिळून 31 गोल केले. 2019 ला भुवनेश्वरला सुपर कप जिंकला तेव्हा चेन्नईनविरुद्ध गोव्याच्या दोन गोलांपैकी एक त्याचा, दुसरा ब्रँडनचा. 2020 ला लीगमध्ये पहिलं येऊन आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीचा दरवाजा उघडणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. फक्त सुपर लीगचा चषक त्याला मिळाला नाही. 17 मार्च 2019, मुंबईची फायनल, 117वं मिनिट, बंगळुरूच्या राहुल भेकेचं डोकं... त्याबद्दल मी आजही बोलू शकत नाही.

आता दुसरी बाजू. 2014 पासून 2024-25 पर्यंत सुपर लीगचे अकरा हंगाम झाले. सर्वाधिक गोल मारणाऱ्यांची नावं ओळीनं घ्या: एलानो, मेन्डोझा, मार्सेलिन्हो, कोरो, पुन्हा कोरो, वाल्स्किस, आंगुलो, ओग्बेचे, दिएगो मॉरिसिओ, दियामान्ताकोस, अजराय. अकरा हंगामांत एकही भारतीय नाही. यातला आंगुलोही आपलाच, म्हणजे कोरोच्या जागी आणलेला, तोही स्पॅनिश, तोही तिशी ओलांडलेला, आणि आल्या आल्या 14 गोल. 2021-22 पासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आणली गेली. क्लबांनी त्या चारांतही एक जागा स्ट्रायकरसाठी राखलीच. मी त्यांना दोष देत नाही. गोल मारणारा माणूस इथे मिळत नसेल तर ते आणणारच.

याचा परिणाम देशाच्या संघावर काय झाला ते मार्च 2025 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सुनील छेत्री जून 2024 मध्ये कोलकात्याला कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला होता. नऊ महिन्यांनी त्याला परत बोलावलं, वय चाळीस. आला आणि मालदीवविरुद्ध गोल करून गेला. त्याच हंगामात लीगमध्ये त्याचे 14 गोल होते, भारतीयांत सर्वांत जास्त. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण चाळिशीच्या माणसाला घरून बोलवावं लागतं, याचा अर्थ त्याच्या मागची रांग रिकामी आहे. त्या रांगेत उभी राहायला हवीत ती मुलं आज दहा-बारा वर्षांची आहेत आणि ती तुमच्या-माझ्या मैदानावर आहेत.

आपल्याकडे हे सुपर लीगमुळे झालं असं म्हणायची सवय आहे. मला ते पटत नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल हे गोव्याचे क्लब आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, गाजवत होते तेव्हाही पुढे कोण होतं? धेंपोकडे रँटी मार्टिन्स, चर्चिलकडे ओडाफा ओकोली, दोघेही नायजेरियाचे. 2011-12 च्या एका हंगामात रँटीनं 32 गोल केले होते. आपण तेव्हाही टाळ्याच वाजवल्या. त्याआधी ब्रुनो कुतिन्होसारखा साळगावकरचा फॉरवर्ड होता, देशाचा कप्तान झाला, अर्जुन पुरस्कार मिळवला. म्हणजे ही माती स्ट्रायकर देतच नाही असं कुठे आहे?

गेल्या दहा-बारा वर्षांत गोव्यानं काय कमी खेळाडू दिले? लेनी रॉड्रिग्स, ब्रँडन फर्नांडिस, सेरिटन फर्नांडिस, मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, लिस्टन कोलासो, आता ब्रिसन फर्नांडिस. ही नावं पुन्हा एकदा वाचा आणि प्रत्येकाची जागा आठवा. हाफ, हाफ, बॅक, बॅक, विंगर, विंगर, विंगर. म्हणजे मधले, बचावातले आणि कडेचे; गोलासमोरचा एकही नाही. मंदार तर विंगर म्हणून आला आणि कोरोच्याच संघात, प्रशिक्षक लोबेराच्या हाताखाली, लेफ्ट बॅक झाला. उत्तम बॅक झाला, यात वाद नाही. पुढे मुंबईकडून लीगही जिंकला. पण मला हे दोघे एकत्र आठवले की चैन पडत नाही. एक विंगर कातालोनियाहून निघतो आणि वाटेत कुठेतरी स्ट्रायकर होतो. दुसरा विंगर आपल्या मातीतला, तो मागे मागे सरकतो. मंदारनं चुकीचं काही केलं नाही. पण पुढे सरकायची वाट आपल्या मुलांना दाखवणारं कोणी असतं का, हा माझा प्रश्न आहे.

ती वाट आपणच बंद करतो, अगदी सुरुवातीला. कशी ते सांगतो, आणि दुसऱ्या कोणाचं नाही, माझंच सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. सडपातळ, चपळ, डोकं तल्लख. कोणाच्याही आधी त्याला कळायचं की बॉल कुठे पडणार. गावांच्या स्पर्धेत बारा वर्षांखालच्या गटात आम्ही उतरलो. समोरच्या संघांत दांडगी पोरं होती, काहींना तर मिसरूड फुटायला आलेलं. मी काय केलं? आमच्यातला सगळ्यात उंच, धिप्पाड मुलगा पुढे ठेवला, गोलीला सांगितलं की लांब मार, आणि या हुशार मुलाला लेफ्ट बॅकला टाकलं, कारण 'तो चुकत नाही'. आम्ही ती स्पर्धा जिंकलो. ढाल अजून क्लबच्या खोलीत आहे. तो धिप्पाड मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर बाकीची पोरंही उंच झाली आणि त्याच्या खेळात मग काहीच उरलं नाही. हुशार मुलगा दोन वर्षं बॅकला खेळला, मग यायचा बंद झाला. त्याच्या आईला एकदा बाजारात विचारलं तर म्हणाली, "तेका आतां मजा येना म्हणता." बॉलच्या जवळ जाण्यासाठी जन्मलेल्या मुलाला मी बॉलपासून दूर उभं केलं, एका ढालीसाठी.

फातोर्ड्याला प्रश्न विचारणारा मुलगा तोच.

आता त्या प्रश्नाच्या उत्तराकडे येतो. गेल्या काही वर्षांत कोरोचे जितके सामने पुन्हा पाहायला मिळाले तितके मी पाहिले, आणि एक गोष्ट ठरवून केली: बॉलकडे बघायचं नाही, फक्त कोरोकडे बघायचं. तुम्ही एकदा करून बघा. पहिली दहा मिनिटं जीव नकोसा होतो, कारण तो चालत असतो. पळत नाही, चालतो. बॉल गोव्याच्या मधल्या फळीतल्या जाहू किंवा बेदियाच्या पायाशी असतो तेव्हा कोरो मान वळवून मागे बघतो, पुढे बघतो, पुन्हा मागे. स्टॉपर कुठे आहे, बॅक किती वर आला आहे, गोली कुठे उभा आहे, हे तो सतत जमवत असतो. बॉल त्याच्याकडे येईल तेव्हा त्याला हे सगळं आधीच माहीत असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तो स्टॉपरच्या पुढे उभा राहत नाही. त्याच्या पाठीमागे, खांद्याच्या जरा बाहेर उभा राहतो. याचं कारण साधं आहे. माणसाला एकाच वेळी बॉल आणि पाठीमागचा माणूस दोन्ही दिसत नाहीत. स्टॉपरनं बॉल बघितला की कोरो नाहीसा, मान वळवून कोरोला शोधायला गेला की बॉल नाहीसा. आणि ज्या क्षणी स्टॉपरची मान बॉलकडे वळते, त्याच क्षणी कोरो हलतो. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. ऑफसाइड ठरण्यापासून तो जो वाचायचा तो पायांमुळे नव्हे, या क्षणामुळे.

तिसरी गोष्ट कळायला मला फार वेळ लागला. तो एकदा कधीच पळत नाही, दोनदा पळतो. पहिली दोन पावलं खोटी असतात. विंगेवरून क्रॉस येणार असेल तर जवळच्या पोस्टकडे झेप घेतल्यासारखं करतो, स्टॉपर त्या दिशेला वजन टाकतो, आणि कोरो थांबतो. बस, नुसता थांबतो. सगळे पुढे वाहून जातात आणि पेनल्टीच्या ठिपक्याजवळ तो एकटा उरतो. तिथे बॉल आला की जोरात मारायचीही गरज नसते. त्याच्या कितीतरी गोलांत बॉल जाळ्याला फाडत नाही, हळूच कोपऱ्यात जाऊन बसतो.

हो सदांच एकलो कसो? तो एकटा राहतो, कारण इतरांना कुठे पाठवायचं ते त्यानं आधीच ठरवलेलं असतं. हे मी त्या रात्री त्या मुलाला सांगायला हवं होतं.

यातलं एकही काम असं नाही जे दहा वर्षांच्या मुलाला शिकवता येणार नाही. यासाठी स्पेनला जावं लागत नाही, महागडं टर्फ लागत नाही, भात कापून सुकलेलं शेतसुद्धा चालतं. मी गेली तीन वर्षं एक साधा खेळ घेतो. मुलगा बॉलची वाट बघत उभा असतो, त्याच्या पाठीमागे मी हाताची बोटं वर करतो. पास पायाशी यायच्या आत त्यानं मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं, मगच बॉल घ्यायचा. सुरुवातीला मुलं बॉलच सोडतात, हसतात, चिडतात. दोन महिन्यांत मान आपोआप वळायला लागते. दुसरा खेळ असा: बॉक्समध्ये चपला मांडून चार खुणा करायच्या, दोन बॅक, एक फॉरवर्ड, विंगेवरून क्रॉस. फॉरवर्डनं कोणत्याही एका चपलेकडे पळत सुटायचं आणि बॉल घ्यायचा तो दुसऱ्याच चपलेपाशी. पळत गेला त्याच जागी बॉल घेतला तर गोल झाला तरी मोजायचा नाही. सुरुवातीला पालक विचारतात, अहो सर, गोल गेला की! मग तेही बघायला शिकतात.

माझी तुम्हाला विनंती आहे, तीही कळकळीची. बारा वर्षांपर्यंत कोणत्याही मुलाला जागेला बांधू नका. आज बॅक असलेला पुढच्या शनिवारी पुढे खेळू दे, आजचा स्ट्रायकर गोलीत जाऊ दे. ज्यानं बॅकला दिवस काढले त्यालाच कळतं की बॅक कधी डुलकी घेतो. स्पेनमध्ये या वयाची मुलं सात-सात जणांचे सामने खेळतात. लहान मैदान, लहान गोल, प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो, आणि लांब मारून धिप्पाड पोराच्या डोक्यावर टाकायची सोय राहत नाही. गावांच्या फेस्तांना, जत्रांना आपण ज्या स्पर्धा भरवतो त्यात बारा वर्षांखालच्यांना अकरा-अकरा जणांत मोठ्या मैदानावर पळवून आपण नक्की काय मिळवतो? दर्शकांची गर्दी, ढाल आणि पेपरात फोटो. त्या मैदानावर लहान मुलाला विचार करायला जागाच उरत नाही. जो ताकदवान तो जिंकतो, आणि ताकद तर पुढच्या चार वर्षांत सगळ्यांनाच येते.

क्लब चालवणाऱ्या मंडळींनो, प्रशिक्षकाला पहिल्या वर्षी ढालीचा हिशेब विचारू नका. आम्ही चुकतो ते बरेचदा तुमच्या त्या नजरेला घाबरून. मुलं किती आली, किती टिकली, कोण नव्या जागेवर खेळायला लागलं, हे विचारा. बारीक, बुटक्या, हुशार मुलाला पुढे ठेवून आम्ही चार सामने हरलो तर आम्हाला पाठीशी घाला.

आणि एफसी गोवाच्या व्यवस्थापनाला, त्यांच्यापर्यंत हे पत्र पोचलंच तर, एक मागणं आहे. कोरोच्या त्या तीन हंगामांची चित्रफीत तुमच्याकडे आहे. फातोर्ड्याच्या मैदानाच्या एखाद्या खोलीत, महिन्यातून एक शनिवार, गावांतल्या प्रशिक्षकांना आणि मुलांना ती बसवून दाखवा. गोलांचे तुकडे नकोत, ते सगळ्यांनी पाहिलेत. गोलाच्या आधीचं एक मिनिट दाखवा, ज्यात त्याच्याकडे बॉल नाही. तुमच्या एखाद्या माजी खेळाडूनं शेजारी उभं राहून कोंकणीत, मराठीत दोन शब्द सांगितले तर आमच्या पोरांना आयुष्यभर पुरतील. परदेशी स्ट्रायकर आणायला क्लब दरवर्षी केवढा पैसा खर्च करतात हे आम्ही जाणतो. त्या तुलनेत या खोलीचा, पंख्याचा आणि चहाचा खर्च तो कितीसा?

हे सगळं करूनही प्रत्येक गावातून छेत्री निघणार नाही, मला ते कळतं. पण ज्या मुलाच्या डोक्यात 'हा नेहमी एकटाच कसा?' हा प्रश्न आपणहून येतो, त्याला आपण बॅकला उभं करणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

सध्या आमच्याकडे पुढे एक मुलगी खेळते. वय अकरा, मुलांच्या संघात एकटीच. तिला जोरात मारता येत नाही आणि हेडिंगची भीती वाटते. पण गेल्या महिन्यात शेजारच्या गावाशी खेळताना क्रॉस यायच्या आधी तिनं दोनदा मागे वळून पाहिलं, जवळच्या पोस्टकडे दोन पावलं टाकली आणि थांबली. बॉल तिच्यापर्यंत आला, तिचा फटका गोलीच्या अंगावर गेला, गोल झाला नाही. समोरचे प्रशिक्षक मात्र आपल्या बॅकवर ओरडत होते, "अरे, ती एकटी कशी राहिली?"

पाऊस थांबून मैदान सुकलं की दर शनिवारी संध्याकाळी चार वाजता आम्ही हे चपलांचे आणि बोटांचे खेळ घेतो. ज्यांना बघायचं असेल त्यांनी आपली चार-पाच मुलं घेऊन यावं. बॉल आमच्याकडे पुरेसे आहेत. पाण्याच्या बाटल्या मात्र घेऊन या. विहीर जरा लांब आहे.

आपला,
पेडण्यातला एक प्रशिक्षक